वेंगुर्ल्याची मंडळी

सिंधुदुर्गात ख्रिस्ती समाज म्हटलं की मालवण-सावंतवाडीकडची कॅथलिक घरं डोळ्यांपुढे येतात. वाटेवरचे खुरीस, नोव्हेना, फेस्ताची रोषणाई. ते बरोबरच आहे, कारण या पट्ट्यात ख्रिस्ती धर्म मुख्यत्वे गोव्याकडून आला. पण याच किनाऱ्यावर आणखी एक परंपरा आहे. संख्येनं ती अगदी लहान. ती कोल्हापूरकडून घाट उतरून आली आणि तिची उपासना मराठीतच होत राहिली. ही प्रेसबिटेरियन परंपरा, आणि तिचं इथलं ठिकाण म्हणजे वेंगुर्ला.

कोकणाशी प्रेसबिटेरियनांची ओळख वेंगुर्ल्याच्या मिशनहूनही जुनी. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनचे लोक बाणकोटला उतरले आणि पुढे हर्णैलाही गेले. चर्च बांधण्याआधी त्यांनी शाळा काढल्या. काही वर्षांतच त्यांचं लक्ष पुण्या-मुंबईकडे वळलं आणि दक्षिण कोकण मागे राहिलं. दुसरा धागा कोल्हापूरचा. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये तिथे आले. त्यांचं काम १८७० मध्ये अमेरिकेच्या प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं. तिथून हे जाळं पसरत गेलं. १८७३ मध्ये रत्नागिरी, मग पन्हाळा, सांगली, मिरज. विसावं शतक उजाडत होतं त्या सुमाराला वेंगुर्ला. आंबोली घाटाच्या रस्त्यामुळे वेंगुर्ला हे बेळगाव आणि वरच्या मुलखाचं बंदर झालं होतं. आगबोटीतून उतरलेला माल आणि माणूस दोन्ही इथूनच घाट चढत. मिशन येण्याआधीच मुरगावचं बंदर रेल्वेनं जोडलं गेलं होतं आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरू लागला होता, तरी मिशन आलं आणि राहिलं.

वेंगुर्ल्यात आजही मिशन म्हटलं की जुन्या माणसांना आठवतं ते सेंट लूक्स हॉस्पिटल. डॉ. रॉबर्ट गोहीन इथे वैद्यकीय मिशनरी होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यात जन्मला. हा मुलगा पुढे १९५७ ते १९७२ प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष होता. पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश देण्याचा प्रिन्स्टनचा निर्णय त्याच्याच कारकिर्दीतला. १९७७ मध्ये तो अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला. वेंगुर्ल्यानं जगाला दिलेल्या माणसांच्या यादीत हे नाव क्वचितच घेतलं जातं. ते घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

तरीही हॉस्पिटल हा या गोष्टीचा दिसणारा भाग. मला ज्याबद्दल सांगायचं आहे ते त्या मानानं कुणाच्या नजरेत न भरणारं आहे: रविवारच्या वर्गांचं, बुधवारच्या प्रार्थनेचं, मे महिन्यातल्या बायबल शाळेचं वेळापत्रक. परदेशी डॉक्टर गेले, मिशनचा पैसा आटला, तरी हे वेळापत्रक मंडळींनी सोडलं नाही.

त्याचं कारण प्रेसबिटेरियन चर्चच्या घडणीतच आहे. या पंथाच्या मुळच्या रचनेत बिशप नाही. मंडळीनं आपल्यातूनच निवडलेले वडील पाळकांसोबत बसतात आणि कारभार पाहतात. शिकवण काय, पैसा कुठे खर्चायचा, कुणाच्या घरी आजार आहे, कुणाचं लग्न ठरतंय, हे सगळं त्या बैठकीत येतं. वडील म्हणजे गावातलाच माणूस: शिक्षक, कंपाउंडर, पोस्टातला कारकून. वडील व्हायचं तर वाचता यायला हवं, बायबल समजायला हवं, चार लोकांसमोर बोलता यायला हवं. म्हणून अशा चर्चला वर्गांशिवाय गत्यंतरच नसतं. १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत. स्कॉटलंडमधल्या मुलांच्या पिढ्यान् पिढ्या ती पाठ करत वाढल्या. पाठांतराचा तो कडकपणा आता नाही, पण प्रश्न विचारून शिकवायची रीत संडे स्कूलमध्ये टिकून आहे.

१९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स हे प्रवाहही मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. या नव्या चर्चमध्ये बिशप आले. प्रेसबिटेरियन वळणाच्या लोकांना ते पचवायला सोपं गेलं नाही. एकीकरणाच्या खुणा आणि खटके कोल्हापूर भागात पुढे बराच काळ दिसत राहिले. पण निवडून दिलेल्या माणसांनी कारभार पाहायचा ही सवय पास्टोरेट कमिटीच्या रूपानं राहिली.

अशा मंडळीचा आठवडा रविवारी सकाळी सुरू होतो. उपासनेच्या आधी किंवा नंतर मुलांचे वर्ग. लहानग्यांना गोष्ट आणि गाणं, मोठ्यांना वचन पाठ करणं, आणि त्याहून मोठ्यांना दृढीकरणाची तयारी. दृढीकरण झाल्यावरच प्रभुभोजनात बसता येतं, त्यामुळे तो वर्ग कुणी सहसा चुकवत नाही. आठवड्याच्या मधे कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. महिला मंडळाची बैठक वेगळी, तरुण संघाची वेगळी. महिला मंडळात अभ्यास कुणी घ्यायचा हे पाळी लावून ठरतं. ज्या बाईनं आयुष्यात कधी चार माणसांपुढे तोंड उघडलेलं नसतं, तीही पाळी आली की उभी राहून उताऱ्यावर बोलते. माझ्या मते या चर्चचं सर्वांत मोठं काम हेच आहे.

मार्चचा पहिला शुक्रवार या बायकांचा. जागतिक प्रार्थना दिन. दरवर्षी एखाद्या देशातल्या स्त्रियांनी लिहिलेली उपासना त्या दिवशी जगभर होते. त्याची एक सुरुवात १८८७ मधली. मेरी एलन फेअरचाइल्ड जेम्स या अमेरिकन प्रेसबिटेरियन बाईंनी स्त्रियांना प्रार्थनेसाठी एक दिवस ठेवायचं आवाहन केलं होतं. दूर कुठल्या तरी बेटावरच्या किंवा युद्धात होरपळणाऱ्या देशातल्या बायकांची गाऱ्हाणी कोकणातल्या बायका त्या दिवशी मराठीत वाचतात आणि आपली मानून देवापुढे मांडतात.

मग उपवासकाळ. चाळीस दिवस घरोघरी प्रार्थना. उत्तम शुक्रवारी दुपारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्यात पाळकसाहेबांबरोबर शिक्षक असतो, गृहिणी असते, कॉलेजातला मुलगाही असतो. दुपारच्या उकाड्यात तीन तास बसून ऐकणारी माणसं आपल्या शेजाऱ्याचं ऐकत असतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

गाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. 'उपासना संगीत' या पुस्तकात दोन प्रकारची गीतं आहेत. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं आणि आपल्या चालींवरची भजनं. दुसऱ्या प्रकारात मोठा वाटा नारायण वामन टिळकांचा. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा १८९५ चा. अभंग-ओव्यांत मुरलेल्या या कवीनं मराठी ख्रिस्ती माणसाला गाण्यासाठी स्वतःचा सूर दिला. पेटी-तबल्यावर त्यांचं भजन सुरू झालं की म्हाताऱ्यांना पुस्तक उघडावं लागत नाही. मुलांच्या वर्गात मात्र हल्ली मोबाइलवरची हिंदी-इंग्रजी गाणी जास्त. दोन्ही चालावीत, पण टिळकांचं भजन शिकवणारा माणूस प्रत्येक मंडळीत एक तरी हवा.

मे महिना बायबल शाळेचा. परीक्षा संपलेल्या असतात, मुंबई-पुण्याची नातवंडं आजोळी आलेली असतात. सकाळचे वर्ग गाणी, नाटुकली, हस्तकला यांनी भरून जातात आणि शेजारची इतर धर्मांची मुलंही येऊन बसतात. पावसाळ्यात सगळं मंदावतं. शेती लागते, बैठका घरातल्या घरात होतात. भात कापून झालं की उपकारस्तुतीचा सण. वेदीपुढे तांदूळ, शहाळी, सुपारी, दुधी, एखादा कोंबडाही येतो आणि उपासनेनंतर लिलाव होतो. ऐपत असलेला माणूस आपलाच नारळ दामदुप्पट देऊन परत घेतो आणि ते पैसे मंडळीच्या खात्यात जातात. डिसेंबरात तरुण संघ रात्री घरोघर कॅरोल गात फिरतो. ३१ तारखेला मध्यरात्रीची उपासना, आणि ती संपल्यावर सगळे एकमेकांना सलाम करतात.

वर्गांना आता अडचण आहे ती शिकवणाऱ्यांची. तरुण नोकरीसाठी मुंबईला, पुण्याला, गोव्याला जातात. मिशनच्या दवाखान्यात आणि शाळांत बदलीनं येणारी नर्स-शिक्षकांची कुटुंबं पूर्वी दर काही वर्षांनी नवं रक्त आणत, तो ओघही आटला. चार मुलांसाठीसुद्धा वर्ग भरवायचा तर चार गटांना चार शिक्षक लागत नाहीत, पण एक लागतोच, आणि त्या एकाला शनिवारी संध्याकाळी बसून धडा तयार करावा लागतो. म्हणून ईस्टर झाला की पास्टोरेट कमिटीपुढे पहिला विषय तोच असतो: मेमध्ये शाळेला कोण उभं राहणार, आणि मुंबईहून सुट्टीवर येणाऱ्यांपैकी कुणाला आत्ताच फोन करून विचारायचं.