कार्यक्रमाचे सामान आणि गाडीची निवड

आपल्या समाजातील बरेच तरुण अलीकडे साऊंड, लाईट, मंडप या धंद्यात उतरले आहेत. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे या भागात चार-पाच मित्र एकत्र येऊन लहानशी कंपनी काढतात, कर्ज काढून बॉक्स घेतात, मिक्सर घेतात आणि लग्न, जयंती, गणपती, नवरात्र अशी कामे करतात. बँकेत नोकरीस असल्यामुळे अशा तरुणांचे कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. त्यांत यंत्रसामग्रीची कोटेशने व्यवस्थित जोडलेली असतात. मात्र ही यंत्रसामग्री कार्यक्रमाच्या जागी कशी पोहोचणार, याचा विचार दहापैकी नऊ अर्जांत केलेला नसतो. म्हणून प्रस्तुत विषयावर चार शब्द लिहिण्याचे मी ठरविले.

प्रथम घरचाच अनुभव सांगतो. माझा भाचा व त्याचे दोन मित्र यांनी असाच व्यवसाय सुरू केला. पहिल्याच वर्षी जयंतीच्या आदल्या आठवड्यात त्यांना पारोळ्याच्या पुढील एका गावी काम मिळाले. भाडे वाचावे म्हणून त्यांनी एक लहान चारचाकी ठरविली आणि सगळे सामान तिच्यातच भरले. गाडीवाला जुना माणूस होता. तो म्हणाला, "भाऊ, इतलं वजन नको भरू, पाटा तुटी जाई." पोरांनी ऐकले नाही. एरंडोलच्या अलीकडे मागचा पाटा तुटला. दुसरी गाडी मिळवून, भर रस्त्यात सामान उतरवून पुन्हा चढवून गावात पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ज्या मोजक्या दिवशी शासन बारापर्यंत सवलत देते त्यांत तो दिवस नव्हता. गायक मंडळी आलेली, गाव जमलेले आणि कार्यक्रम पाऊण तासात आटोपला. मंडळाने निम्मे पैसे कापले. मला ते चुकीचे वाटले नाही. भाचा मात्र म्हणाला, "मामा, आमचं सामान तर उत्तम होतं ना!"

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. सत्यशोधक जलसे असोत वा भीमराव कर्डकांसारख्यांनी गाजविलेले आंबेडकरी जलसे असोत, ढोलकी, डफ, तुणतुणे आणि झांज एवढ्यावर रात्र जागत असे, आणि ते सर्व हातात घेऊन चालता येत होते. तमाशाच्या मोठ्या फडांनी पुढे ट्रक घेतले; सारंगखेड्यासारख्या यात्रेत त्यांच्या गाड्यांची रांग पाहिलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आजची लहान साऊंड कंपनी या दोहोंच्या मध्ये अडकली आहे. तिचे सामान हातात मावत नाही आणि ट्रक तिला परवडत नाही.

गाडी ठरविण्यापूर्वी सामानाचे वजन करावे. अंदाज नको, वजनकाट्यावर करावे. भाच्याच्या सामानाचे आम्ही नंतर केले, ते असे निघाले. अठरा इंची जोडस्पीकरचे चार बेस, प्रत्येकी ८० किलो, म्हणजे ३२० किलो. चार टॉप, प्रत्येकी ५०, म्हणजे २०० किलो. अँप्लिफायरची रॅक १२०, मिक्सर पेटीसह ३०, चार मॉनिटर मिळून ८८, वायरी १००, माईक स्टँड व किरकोळ ४०, आणि लाईट स्टँडसह ७८. एकूण ९७६ किलो. पोरे आतापर्यंत "पाच-सहाशे किलो असेल" असे धरून चालत होती! वायरींचे वजन तर कोणीच धरलेले नव्हते. तांबे जड असते हे सर्वांना ठाऊक असते, पण वायरीच्या भेंडोळ्याकडे पाहून ते आठवत नाही.

आता गाडीची बाजू. गाडीच्या आरसी बुकावर दोन वजने लिहिलेली असतात: एक रिकाम्या गाडीचे, दुसरे भरलेल्या गाडीचे कमाल. दोहोंची वजाबाकी म्हणजे तुमचा हक्काचा भार, आणि त्यात गाडीत बसणारी माणसेही आली. ज्या गाडीला आपण छोटा हाथी म्हणतो ती टाटा एस २००५ मध्ये बाजारात आली. तिच्यात साधारण पाऊण टन माल नेता येतो आणि तिचा हौदा सुमारे सात फूट लांब व पाच फूट रुंद असतो. बोलेरो पिकअपच्या प्रकारांत सव्वा-दीड टनापर्यंत भार बसतो, हौदा आठ-नऊ फुटांचा. १९८६ पासून रस्त्यावर असलेली ४०७ दोन टनांच्या वरचा माल नेते. त्यापुढे चौदा फुटी आयशर वगैरे. प्रत्येकात निरनिराळे नमुने आहेत, म्हणून विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर न जाता आरसी बुकच पाहावे. ९७६ किलोला लहान गाडी पुरणार नाही आणि ४०७ अर्धी रिकामी जाईल, म्हणजे पिकअप हे उत्तर निघते. हा हिशेब पाचवीचा मुलगाही करील, पण तो त्या दिवशी कोणी केला नव्हता.

जादा भार भरला तर काय होते? पाटा तुटतो हे पाहिलेच. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा झाला आहे. जादा माल खाली उतरवून ठेवावा लागतो तो वेगळाच. तीन रात्रींची कमाई एका नाक्यावर जाते.

वजनाइतकेच मापही महत्त्वाचे. एलईडी पडद्याच्या पेट्या वजनाला बेताच्या असल्या तरी जागा फार खातात. मंडपाचे दहा फुटी ट्रस सात फुटी हौद्यात घातले तर तीन फूट फाळक्याबाहेर लोंबतात, आणि रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ते दिसत नाहीत. गावठाणातील गल्ल्या अरुंद, वर विजेच्या तारा लोंबत्या. अशा ठिकाणी मोठी बंद गाडी वेशीतच उभी राहते आणि तेथून ऐंशी किलोचा बेस खांद्यावर न्यावा लागतो. त्यामुळे ऑर्डर घेतानाच मंडळाला विचारावे, गाडी स्टेजपर्यंत येते का? बेसला चाके बसवून घेण्याचा खर्च किरकोळ आहे. तो पहिल्या महिन्यात करावा.

बंद गाडी की उघडी, हा वादाचा विषय आहे. पावसाळ्यात, विशेषतः गणपतीच्या दिवसांत, बंद गाडी बरी. परंतु आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि पत्र्याचा बंद डबा दुपारी उन्हात उभा राहिला की आतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे हाल होतात. माझे मत असे की लहान कंपनीने उघडा हौदा, चांगली जाड ताडपत्री आणि जुन्या गोधड्या यांवर भागवावे व गाडी सावलीत लावावी. भरताना जड बेस खाली व केबिनकडे, त्यावर टॉप, स्पीकरची तोंडे आतल्या बाजूस. रॅक उभीच ठेवावी. जे कार्यक्रमाच्या जागी प्रथम लागते ते शेवटी भरावे, म्हणजे वायरी आणि स्टँड फाळक्याजवळ आले पाहिजेत.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. सामान गाडीत जाते, पण पोरे कुठे बसतात? तर सामानावर. रात्री दोन वाजता कार्यक्रमाची आवराआवर करून थकलेली वीस-बावीस वर्षांची मुले बॉक्सवर आडवी होऊन झोपतात आणि गाडी धुळ्याहून जळगावला निघते. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि त्यांत आपल्याच घरची मुले असतात. अपघात झाला तर विमा आहे ना, असे सर्वांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने आशाराणी प्रकरणात २००२ सालीच स्पष्ट केले आहे की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांचा समावेश १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात झाला हे खरे, परंतु हौद्यात मालावर झोपलेले चारजण त्यात बसतात हे सिद्ध करण्यासाठी त्यांच्या आईवडिलांनी किती वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या? केबिनमध्ये जेवढ्या जागा आरसी बुकावर आहेत तेवढेच बसतील, बाकीचे एस.टी.ने किंवा दुसऱ्या प्रवासी गाडीने जातील, हा खर्च ऑर्डरच्या दरातच धरला पाहिजे. दुहेरी केबिनची पिकअप हाही एक मार्ग आहे; तिच्यात चार-पाच माणसे सन्मानाने बसतात, पण हौदा आखूड होतो आणि भार कमी होतो.

विम्याचीच दुसरी बाजू अशी की गाडीच्या विम्यात तुमचे सामान येत नाही. बँकेने कर्ज देताना सामानाचा विमा उतरविलेला असतो, तोही बहुधा पॉलिसीत लिहिलेल्या गोदामाच्या पत्त्यापुरता. प्रवासातील नुकसानासाठी वेगळे कलम किंवा वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. पॉलिसीचा कागद काढून वाचावा. न समजल्यास शाखेत येऊन विचारावे, त्यात कमीपणा नाही.

गाडी भाड्याची घ्यावी की स्वतःची, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. दारात गाडी उभी असली की माणसाला प्रतिष्ठा वाटते, हे मी समजू शकतो. तरी आकडे मांडून पाहू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा ६ लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज, मुदत पाच वर्षे. हप्ता साधारण १३ हजार येतो. विमा, पासिंग वगैरे महिन्याला ४ हजार, टायर व दुरुस्ती ४ हजार, ड्रायव्हर १२ हजार. एकूण महिना ३३ हजार, वर्षाचे ३ लाख ९६ हजार. भाड्याची गाडी एका कामाला साडेतीन हजार घेत असेल आणि स्वतःच्या गाडीला त्याच कामात हजाराचे डिझेल लागत असेल, तर एका कामामागे अडीच हजार वाचतात. म्हणजे वर्षाला १५८ कामे झाली तर बरोबरी. भागीदारांपैकीच एकाने गाडी चालविली तर ड्रायव्हरचा पगार वजा जाऊन १०१ कामे. भाच्याची वही काढून पाहिली, त्या वर्षी त्याची कामे झाली होती ६२. आपल्याकडील हंगाम लग्नसराईचा, एप्रिलचा आणि गणपती-नवरात्राचा. आषाढात सामान गोदामात पडून असते, पण हप्ता आषाढ पाळत नाही.

मग हंगामात गाडी मिळत नाही त्याचे काय? एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भाडे दुप्पट होते हे खरे. त्यावर उपाय म्हणजे एकाच गाडीवाल्याशी वर्षाचा करार करावा, तारखा आधी लिहून द्याव्यात, थोडी आगाऊ रक्कम द्यावी आणि मंदीत त्याला इतर काम मिळवून द्यावे. त्याला तुमचे सामान ओळखीचे होते. जो गाडीवाला "इतलं वजन नको" म्हणतो तोच धरून ठेवावा.

जुनी गाडी घ्यायचीच असेल तर कागद नीट पाहा. आरसी बुकावर आधीच्या बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ वर त्या बँकेची सही हवी, हस्तांतरणाला नमुने २९ आणि ३०. मालवाहू गाडीचे फिटनेस पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. परवान्याबाबत घोटाळा होता, तो ६ नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालाने मिटला. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो. तीन टनांपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही. पिकअपचे काही नमुने त्या मर्यादेच्या आत तर काही बाहेर पडतात. बऱ्हाणपूर, सेंधवा किंवा नवापूरच्या पुढे सुरतेकडे कामे घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

रेल्वेचा विचार कोणी सुचवितो, परंतु धुळे हे चाळीसगावहून येणाऱ्या फाट्याचे शेवटचे स्टेशन आहे आणि सुरतेची लाईन अमळनेर-नंदुरबारवरून जाते, धुळ्याला शिवत नाही. रात्रीच्या कार्यक्रमासाठी तिचा उपयोग नाही. दुरुस्तीचा एखादा अँप्लिफायर पाठवायचा तर एस.टी.चे पार्सल आहे.

जळगाव-धुळे अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचे. या पट्ट्यातील कामांसाठी भाच्याने शेवटी निराळीच वाट काढली. धुळ्यात त्याच्यासारखीच एक लहान कंपनी आहे. धुळ्याकडील काम असले की बेस आणि जनरेटर तो त्यांच्याकडून भाड्याने घेतो, आणि जळगावकडे त्यांचे काम असले की आपले त्यांना देतो. ३२० किलो बेस वजा झाले की ९७६ चे ६५६ राहतात, आणि तेवढे लहान गाडीत नियमात बसते. यंदाच्या एप्रिलच्या तारखा त्याने गाडीवाल्याला फेब्रुवारीतच लिहून दिल्या. तेरा तारखेला दोन कामे आहेत, एक पाळधीला आणि एक धुळ्याला. धुळ्याच्या कामाला पोरे कशाने जाणार, ते अजून ठरायचे आहे.