कासवाच्या अंगावरची बिऱ्हाडं

"जळूसारखा चिकटलास की रे!" असं आई कधी तुम्हाला म्हणाली आहे का? मग चला, आज खरोखर चिकटलेली जळूच बघू या. त्यासाठी अमेरिकेतल्या एखाद्या गढूळ तळ्यात डोकवावं लागेल.

ते बघा, तळाच्या चिखलात परातीएवढं कासव! त्याचं नाव स्नॅपिंग टर्टल. भारी चावरं असतं हं. पाठीवर शेवाळाची हिरवी लव. पोटाकडची ढाल मात्र अगदीच तोकडी, बेरजेच्या चिन्हासारखी. त्यामुळे मांड्यांजवळची मऊ कातडी उघडीच राहते. जळवांना तेच तर हवं असतं! तिथे नि ढालीवरही त्या बिऱ्हाड थाटतात.

या जळूचं नाव प्लॅकोब्डेला. अंगाच्या दोन्ही टोकांना चिकटायच्या वाट्या, मागची मोठी, पुढची छोटी. मागची वाटी घट्ट रोवायची, अंग ताणायचं, पुढची टेकवायची, मग मागची उचलून जवळ आणायची. झालं एक पाऊल! वैद्य वापरतात त्या जळूला तीन दातेरी जबडे असतात. हिला जबडेच नाहीत. ही तोंडातून बारीकशी सोंड काढते, कातडीत खुपसते आणि रक्त पिते.

पण मला हिचं खरं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ही जळू अंडी घालून निघून जात नाही. ती अंड्यांवर पांघरुणासारखी पसरते आणि अंग हलकेच हलवत त्यांना ताजं पाणी देत राहते. पिल्लं बाहेर आली की आईच्या पोटाला चिकटतात, एकदम डझनावारी! त्यांना पोटाशी घेऊनच ती हिंडते. आणि आई तरी कशी म्हणायची? प्रत्येक जळू आईही असते नि बाबाही!

या जळवांपासून सुटायला कासव मग काय करतं? काही जातींची कासवं ओंडक्यावर चढून ऊन खात बसतात. उन्हाने जळवा सुकत असाव्यात, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. विस्कॉन्सिन राज्यात तर आणखी गंमत दिसली. ऊन खाणाऱ्या कासवांजवळ ग्रॅकल नावाचे काळे चकचकीत पक्षी आले आणि चोचीने जळवा टिपून खाऊ लागले!

तळ्याकाठी कासव ऊन खाताना दिसलं, तर त्याला हुसकावू नका बरं. लांबूनच, अगदी गुपचूप बघा.