नाशिक जिल्ह्यातील स्थलनामांवर आधारित गूढ शब्दकोडे : उकल व विश्लेषण

बीजसंज्ञा : गूढ शब्दकोडे, संकेत, अक्षर, प्रहेलिका, स्थलनाम, न्याय्यता

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोडे बहुसंख्य वाचकांच्या परिचयाचे आहे. तथापि, त्यातील संकेत प्रायः समानार्थी शब्द विचारणारे असतात. 'कमळ' यासाठी 'पंकज' आठवले की चौकटी भरतात. येथे स्मरणशक्तीची परीक्षा होते, भाषेच्या घडणीकडे लक्ष जातेच असे नाही. याउलट गूढ शब्दकोड्यात प्रत्येक संकेत उत्तराकडे दोन वाटांनी नेतो. एक वाट अर्थाची, दुसरी शब्दाच्या घडणीची. दोन्ही वाटा एकाच उत्तरापाशी मिळाल्या तरच ते उत्तर बरोबर ठरते. असे कोडे देवनागरीत कसे रचावे आणि कसे सोडवावे, याचे विवेचन नाशिक जिल्ह्यातील स्थलनामे हा विषय घेऊन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनातील सर्व संकेत याच लेखासाठी रचले आहेत.

पूर्वपीठिका

आधुनिक शब्दकोड्याचा आरंभ २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन यांच्या कोड्याने झाला, असे मानले जाते. पुढे इंग्लंडमध्ये त्याला गूढ रूप मिळाले. 'झिमेनीस' या टोपणनावाने कोडी रचणारे डेरिक मॅकनट यांनी १९६६ मध्ये या कलेचे नियम ग्रंथरूपाने मांडले. रचनाकाराने वाचकाला चकवावे, पण फसवू नये, असे या नियमांचे सार सांगता येईल.

ही दृष्टी आपल्या परंपरेला परकी नाही. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी 'समागता' या प्रकारात पदांच्या जोडणीमुळे अर्थ झाकला जातो, तर 'वंचिता' या प्रकारात शब्दाचा रूढ अर्थ वाचकाला भलतीकडे नेतो. गूढ शब्दकोड्याची दोन प्रमुख साधने नेमकी हीच आहेत. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त प्रहेलिका रसाला बाधक म्हणून तिला अलंकाराचा दर्जा नाकारला. मात्र विद्वानांच्या गोष्ठीतील विनोद म्हणून तिचे स्थान दंडीने मान्य केले होते. मराठीतील उखाणे आणि संतांची कूटरचना हेही याच कुळातील होत.

देवनागरीतील चौकटीचा प्रश्न

रोमन लिपीत एका चौकटीत एक वर्ण बसतो. मराठीत चौकटीचे एकक वर्ण नसून अक्षर आहे. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, उकार व अनुस्वार यांसह व्यंजन एकाच चौकटीत येते, आणि जोडाक्षरही एकच चौकट घेते. त्यामुळे 'त्र्यंबक' हे नाव उच्चाराला भारदस्त वाटले तरी त्याच्या चौकटी तीनच : त्र्यं, ब, क.

याचे दोन परिणाम संभवतात. पहिला असा की, ३४ व्यंजने आणि बाराखडीची १२ रूपे धरली तरी ४०८ अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. साहजिकच आडवा व उभा शब्द एकमेकांना छेदतील अशी जागा शोधणे रचनाकाराला कठीण जाते. 'तपोवन'मधील 'पो' दुसऱ्या शब्दातील 'पो'लाच जुळतो, 'प'ला नाही. दुसरा परिणाम असा की, जोडाक्षर फोडता येत नाही. 'सिन्नर' या नावात 'नर' ऐकू येतो, परंतु चौकटी सि, न्न, र अशा आहेत. 'पुरुष' या शब्दाने त्यातील 'नर' सुचवणे म्हणूनच न्याय्य ठरणार नाही.

संकेतांची उकल

पुढील संकेतांत कंसातील आकडा अक्षरसंख्या दर्शवतो.

१) 'आधी नकार, मग अभ्यासाची आज्ञा : असे हे शहर (३)'. नकार म्हणजे 'ना' आणि अभ्यासाची आज्ञा म्हणजे 'शिक'. उत्तर : नाशिक. अर्थाची वाट 'शहर' या शब्दात आहे.

२) 'न्यायनिवाडा करणाऱ्यापुढे वैद्याची गोळी, येथे रामाचा वनवास (४)'. निवाडा करणारा 'पंच', त्याच्यापुढे आयुर्वेदातील 'वटी'. उत्तर : पंचवटी. या नावाचा संबंध पाच वटवृक्षांशी जोडला जातो. संकेताने तो पूर्ण बाजूला ठेवून नव्या ठिकाणी शब्द तोडला, म्हणून हा समागतेचा चांगला नमुना ठरतो.

३) 'नवे जहाज उलटले, साधूंचा मुक्काम झाला (४)'. नवे म्हणजे 'नव', जहाज म्हणजे 'पोत'. 'नवपोत' ही अक्षरे उलट क्रमाने वाचली की 'तपोवन' मिळते. सिंहस्थात साधूंचा मुक्काम येथे असतो, त्यामुळे अर्थही जुळतो. उलटवताना अक्षरे मात्रेसह उलटतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

४) ''क'चे वळण बिघडले, तेव्हा सप्तशृंगीचा तालुका झाला (४)'. वाचकाला प्रथम हस्ताक्षराचे वळण आठवते. ही वंचिता होय. प्रत्यक्षात 'क' आणि 'वळण' या चार अक्षरांचा क्रम बिघडवायचा आहे. उत्तर : कळवण.

५) 'लावणीत दडलेले, गडाच्या पायथ्याचे गाव (२)'. 'लावणी' या शब्दातच 'वणी' आहे. येथे 'भाताच्या लावणीत' असे लिहिले असते तर चित्र अधिक रम्य झाले असते. परंतु 'भाताच्या' या शब्दाला उकलीत काहीच काम नसल्याने तो वगळला आहे.

६) 'चंद्राच्या खाली पारंब्यांचे झाड, रंगमहालाचे गाव (४)'. हा संकेत उभ्या शब्दासाठीच योग्य आहे, कारण उभ्या रांगेत 'चांद' वर आणि 'वड' खाली येतो. उत्तर : चांदवड. होळकरांच्या रंगमहालामुळे अर्थाची खात्री पटते.

७) 'गाय दान देणारीने उपवासाचे धान्यही पुढे केले, ती दक्षिणगंगा (४)'. गाय देणारी ती 'गोदा', उपवासाचे धान्य 'वरी'. उत्तर : गोदावरी. हा संकेत निर्दोष नाही. 'गोदा' हे स्वतःच त्या नदीचे नाव असल्याने अर्धे उत्तर मूळ व्युत्पत्तीतूनच आले आहे. पंचवटीच्या तुलनेत तो उणा ठरतो.

विषय कळल्यावर कोडे सोपे होते काय?

सर्व उत्तरे नाशिक जिल्ह्यातील आहेत, हे कळताच वाचक अंदाज बांधू लागतो. जिल्ह्यात १५ तालुके आहेत. त्यांची नावे मोजली असता दोन अक्षरी एक, तीन अक्षरी सहा, चार अक्षरी सहा आणि पाच अक्षरी दोन भरतात. म्हणजे 'तालुका (३)' एवढ्याने नाशिक, निफाड, येवला, सिन्नर, देवळा, दिंडोरी ही सहाही नावे दारात उभी राहतात.

छेदणाऱ्या अक्षराची मदत होईल, असे वाटते. पहिल्या ओळीत आडवे 'नाशिक', त्याच्या 'क'पासून खाली 'कळवण' आणि तिसऱ्या ओळीत 'कळवण'च्या 'व'मधून आडवे 'गोदावरी' अशी मांडणी करता येते. तिसऱ्या ओळीपाशी आलेल्या वाचकाजवळ 'चार अक्षरे, तिसरे व' एवढी माहिती असते. पण पंचवटी, तपोवन, चांदवड आणि गोदावरी या चारही नावांचे तिसरे अक्षर 'व'च आहे. म्हणजे विषय आणि छेद ही दोन्ही साधने येथे थकतात. एकाच उत्तरावर बोट ठेवण्याचे काम संकेताच्या घडणीलाच करावे लागते.

न्याय्यतेचा प्रश्न

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. एके काळी बक्षिसांच्या शब्दकोडे स्पर्धांचे आपल्याकडे मोठे पेव फुटले होते. तत्कालीन मुंबई राज्याने १९४८ मध्ये आणि केंद्राने १९५५ मध्ये त्यांच्या नियमनासाठी कायदे केले. चमारबागवाला खटल्यांच्या १९५७ मधील निकालांत सर्वोच्च न्यायालयाने जुगार आणि कौशल्याची स्पर्धा यांत भेद केला. ज्या स्पर्धेत यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे. ज्या कोड्यात अनेक शब्द सारखेच चालतात, पण आयोजकाने आधी ठरवलेल्या शब्दाशी जुळणाऱ्यालाच बक्षीस मिळते, तेथे मात्र दैवावर भिस्त असते. हा भेद गूढ कोड्याच्या रचनाकारानेही जपला पाहिजे. दोन वाटांचा नियम म्हणजे वाचकाला दिलेली हमीच होय.

या कसोटीवर प्रस्तुत लेखकाचा एक संकेत बाद झाला. 'सुरगाणा'साठी प्रथम 'स्वर आणि गीत' अशी कल्पना सुचली होती. परंतु 'सूर'मधील ऊकार दीर्घ, तर 'सुरगाणा'तील ऱ्हस्व आहे. 'गाणे' आणि 'गाणा' यांतही मात्रेचा भेद आहे. 'सुरात' या रूपात उकार ऱ्हस्व होतो हे खरे, पण संकेतात त्याची सूचना नसेल तर वाचकाने ते का गृहीत धरावे? 'सुर' म्हणजे देव हा अर्थ घेतल्यास पूर्वार्ध सुटतो, उत्तरार्ध तसाच राहतो. शुद्धलेखनाचा नियम येथे शिक्षा म्हणून येत नाही, तर दोघांमधील कराराचे कलम म्हणून येतो.

निष्कर्ष

१. मराठी गूढ शब्दकोड्याचे एकक अक्षर असावे. मात्रा व जोडाक्षर फोडू नयेत.
२. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद उत्तरात व संकेतात सारखाच पाळावा.
३. विषयाधारित कोड्यात अंदाजाला वाव अधिक असतो, म्हणून संकेताची घडण अधिक काटेकोर हवी.
४. संकेतातील प्रत्येक शब्दाला उकलीत काम असावे.

ज्या गावांची नावे आपण रोज एस. टी. च्या पाटीवर वाचतो, त्यांच्यात चांद आणि वड, पंच आणि वटी दडलेले असतात. नाव तेच राहते, वाचणारा मात्र थांबून वाचू लागतो. भाषेच्या अध्यापनाला एवढे थांबणे मिळाले तरी या खेळाचे प्रयोजन सिद्ध झाले, असे म्हणता येईल.