बॅचचा ग्रुप आणि १ नोव्हेंबर २००५

आपल्या समाजात अलीकडे एक नवा सण सुरू झाला आहे. त्याचे नाव गेट-टुगेदर. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची बॅच शोधून काढायची, व्हॉट्सॲपवर ग्रुप करायचा, त्याला बाबासाहेबांचा फोटो लावायचा आणि १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठ गेटवर अभिवादन झाले की तिथूनच एखाद्या हॉटेलच्या हॉलवर जमायचे. आधी त्रिशरण-पंचशील होते. मग जेवणाआधी एकेकाने उभे राहून ‘सध्या काय चाललंय’ ते सांगायचे.

परिचयाचा हा कार्यक्रम दिसायला साधा आहे. पण त्यात बघता बघता एक उतरंड लागते. आधी क्लास वन बोलतो. मग क्लास टू. मग बँकवाले, मग ज्यांच्या मुलाचा नीटमध्ये नंबर लागला ते. पद, फ्लॅट, गाडी, मुलांचे पॅकेज. ज्याच्याकडे यातले काही नाही तो उभा राहतो, नाव-गाव सांगतो आणि ‘आपलं चालू आहे, जयभीम’ म्हणून खाली बसतो. टाळ्या त्यालाही मिळतात, पण आवाजावरून फरक कळतो. उतरंडीविरुद्ध ज्यांचे बाप-चुलते रस्त्यावर लढले, त्यांच्याच हॉलमध्ये ही दुसरी उतरंड कशी काय उभी राहते?

आमची बॅच १९९९ ची. नागसेनवनात शिकलेली. आमच्या पदवीच्या कागदावर बाबासाहेबांचे नाव आहे, आमच्या थोरल्या भावांच्या कागदावर ते नव्हते. १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे समाजाने त्यासाठी रक्त सांडले. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांचे बलिदान त्या कागदात आहे. वसतिगृहात परिस्थिती सगळ्यांची एकच होती. शिष्यवृत्ती परीक्षा होऊन गेल्यावर यायची, तोवर खानावळ उधारीवर. एक पुस्तक चौघांत फिरायचे. बाप सगळ्यांचे शेतमजूर, साखर कारखान्याच्या तोडीवर जाणारे, फार तर नगरपालिकेत सफाई कामगार. म्हणजे निघताना आम्ही सगळे एकाच रेषेवर उभे होतो.

मग पंचवीस वर्षांत इतके अंतर कसे पडले? ग्रुपवरच्या एका अधिकाऱ्याचे उत्तर ठरलेले आहे. तो लिहितो, ‘ज्याने मेहनत केली त्याला मिळाले.’ खाली अंगठ्यांची रांग लागते. हे वाक्य कुणाचे आहे ते नीट आठवा. मंडलच्या वेळी आपल्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांचे हे वाक्य आहे. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून जे आपल्याला हिणवत होते, त्यांचीच भाषा आज आपला माणूस आपल्याच वर्गमित्राला ऐकवतो आहे.

मी वकील आहे. मला तारखांवर बोलायची सवय आहे, म्हणून तारखांवर बोलतो.

आमच्या वसतिगृहात एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. जिंतूरकर आणि देगलूरकर एका खोलीत राहायचे. अभ्यास एकत्र, फॉर्म एकत्र, टायपिंगच्या परीक्षा एकत्र. जिंतूरकर २००४ साली शासकीय सेवेत लिपिक म्हणून रुजू झाला. देगलूरकरच्या पदाची जाहिरात २००५ च्या सुरुवातीची. परीक्षा झाली, निवड यादी लागली, पण पोलीस पडताळणी आणि कागदपत्रांत आदेश रखडला आणि तो २००६ मध्ये रुजू झाला. मेहनतीत दोघांत तसूभर फरक नाही. पण मधे १ नोव्हेंबर २००५ ही तारीख येऊन गेली होती. त्या दिवसापासून रुजू होणाऱ्या राज्य कर्मचाऱ्याची जुनी पेन्शन बंद झाली. जिंतूरकरच्या म्हातारपणाची सोय झाली. देगलूरकरच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापले जाऊ लागले आणि ते पैसे शेवटी किती होऊन परत येतील हे त्याला कुणी सांगू शकत नव्हते. मार्च २०२३ च्या संपात तो घोषणा देत होता, त्याच दिवसांत ग्रुपवर एका मित्राच्या नव्या बंगल्याच्या गृहप्रवेशाचे व्हिडिओ येत होते.

पुढचे ऐका. २ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आहे, पण जे नंतर रुजू झाले, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय देता येईल. एकदाच, आणि सहा महिन्यांच्या आत. देगलूरकरसाठी हा कागद आयुष्याचा होता. तो आमच्या ग्रुपवर आलाही. मंत्रालयातल्या एकाने पीडीएफ टाकली. तिच्या खाली कुणाचा तरी वाढदिवस होता, मग केक, मग फुले, आणि कागद दिसेनासा झाला. देगलूरकरने ग्रुप महिनोन्‌महिने बघितलाच नव्हता. का बघत नाहीस, असे फोनवर विचारले तर म्हणाला, ‘वकीलसाहेब, तिथं बघण्यासारखं आपलं काय असतं?’ पर्याय त्याने मुदतीत दिला. जाहिरातीचे जुने कात्रण त्याच्या आईने पेटीत जपून ठेवले होते, ते कामी आले.

नोकरी लागली म्हणजे सुटला, असेही नाही. बॅचमधले चौघे अजून ज्या खुर्चीवर आहेत त्यावर दहा-दहा वर्षे आहेत. पदोन्नतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला. पुढे ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या सगळ्या जागा सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरले. आमचे चौघे तेव्हा चाळिशीत होते, म्हणजे माणूस वर सरकण्याच्या वयात. ग्रुपवर मात्र त्यांच्याबद्दल ‘अजून तिथंच का रे?’ असा प्रश्न येतो. प्रश्न मंत्रालयाला विचारायचा तो मित्राला विचारला जातो.

शिकवणाऱ्यांचे तर विचारूच नका. बॅचमध्ये पहिली आलेली मुलगी आज शिक्षिका आहे. राज्यात २००१ साली ‘कायम विनाअनुदान’ हे धोरण आले, २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द गेला आणि २०१६ नंतर वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्याने अनुदान सुरू झाले. या तीन वाक्यांत तिची उमेदीची सगळी वर्षे गेली. लग्न, दोन मुले, आझाद मैदानावरची आंदोलने, सगळे अर्ध्या-मुर्ध्या पगारावर. दुसरा नेट पास आहे आणि सत्तेचाळिसाव्या वर्षीही तासिका तत्त्वावर शिकवतो. मुलाखतींना गेला, संस्थाचालकांनी आकडा सांगितला, परत आला. परिचयात तो ‘प्राध्यापक’ म्हणतो आणि मी त्याला प्राध्यापकच म्हणतो. शिकवतो ना तो!

१८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांविषयी आपली वेदना बोलून दाखवली. प्रत्येक गेट-टुगेदरमध्ये कुणीतरी ती आठवण करून देतो आणि मग ‘पे बॅक’ म्हणून विहाराला पंखा, वाचनालयाला कपाट, मुलांना वह्या असा ठराव होतो. पंख्याला माझा विरोध नाही. उन्हाळ्यात विहारात बसलेल्याला त्याची किंमत कळते. पण ज्याला कोषागारातली फाईल कुठे अडते ते माहीत आहे, ज्याला शासन निर्णयाची भाषा वाचता येते, त्याने वर्गणीचे पाचशे रुपये टाकून मोकळे व्हावे हे मला पटत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला प्रशासनात जायला सांगितले ते कशासाठी?

मागच्या वर्षी आमच्यातला एक गेला. आरोग्य विभागात होता, २००८ चा रुजू. रात्री छातीत दुखले, सकाळी संपले. ग्रुपवर दुपारपर्यंत ‘भावपूर्ण आदरांजली’ची रांग लागली, चौथ्या दिवशी परत गुड मॉर्निंग सुरू. वहिनींना लोकांनी सांगितले होते की नव्या पेन्शनवाल्याच्या बायकोला काही मिळत नाही, खात्यात जमलेले पैसे घ्यायचे आणि गप्प बसायचे. हे खोटे आहे. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने सेवेत असताना मृत्यू झालेल्या अशा कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान यांचा मार्ग खुला केला आहे. शिवाय अनुकंपा नियुक्तीचा अर्ज वेगळा, आणि त्याला मुदत असते. जमा रक्कम घाईने उचलण्याआधी कुठला पर्याय आपल्या फायद्याचा आहे ते कार्यालयात लेखी विचारावे. ज्या भगिनी हे वाचत असतील, किंवा ज्यांच्या शेजारी अशी भगिनी असेल, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

वहिनींच्या कामाला तिघे पुढे आले. जिंतूरकर, कारण त्याने आस्थापना शाखेत वीस वर्षे काढली आहेत. तासिकावाला प्राध्यापक, कारण त्याला दुपारनंतर वेळ असतो आणि मोटारसायकल आहे. आणि ती शिक्षिका, कारण कार्यालयात पुरुषांच्या घोळक्यात वहिनी बोलत नव्हत्या. क्लास वन मित्राने एक फोन केला, त्याचाही उपयोग झाला, नाही म्हणणार नाही. वारस प्रमाणपत्राचे मी बघितले. सेवा पुस्तकात २०११ ची एक वेतननिश्चिती पडताळलेली नव्हती, तिच्यासाठी अकरा हेलपाटे झाले.

आता प्रस्ताव नागपूरला महालेखापाल कार्यालयात गेला आहे. थोरल्या मुलाचा अनुकंपाचा अर्ज जिल्ह्याच्या प्रतीक्षा यादीवर आला. देगलूरकर परवा ग्रुपवर परत आला आणि त्याने पहिलाच मेसेज टाकला तो त्या यादीचा, वहिनींच्या मुलाच्या नावाखाली लाल रेघ ओढून.