बिलावरची तारीख आपोआप का बदलते?

आमच्या एका विद्यार्थ्याच्या अब्बूंचे कापडाचे दुकान आहे. उधारीची बिले ते एक्सेलमध्ये ठेवतात. तीन महिन्यांपूर्वीचे एक बिल त्यांनी उघडले, तर त्यावर आजची तारीख! गिऱ्हाईक म्हणाले, "मग मुदत कुठे संपलीय?" आम्ही फाइल पाहिली. तारखेच्या जागी 'टुडे' हे फंक्शन टाकलेले होते.

फंक्शन म्हणजे एक्सेलमध्ये आधीच तयार असलेले सूत्र. फाइल ज्या दिवशी उघडाल, त्या दिवसाची तारीख 'टुडे' दाखवते. म्हणून जे रोज बदलते तिथेच ते वापरावे. व्यवहार एकदाच होतो, त्याची तारीख पक्कीच हवी. ती हाताने लिहा, किंवा कंट्रोल धरून सेमीकोलनची कळ दाबा. ती तारीख मग बदलत नाही.

'टुडे'ची खरी जागा शेजारच्या रकान्यात आहे. तिथे बरोबरचे चिन्ह, मग 'टुडे', त्यापुढे रिकामा कंस, वजाचे चिन्ह आणि बिलाच्या तारखेचा सेल द्या. उधारीला किती दिवस झाले, ते रोज दिसेल. उत्तर तारखेसारखे आले, तर सेलचा फॉरमॅट 'नंबर' करा. पुढच्या रकान्यात 'इफ' फंक्शन लावले, की 30 दिवस उलटताच 'मुदत संपली' असे दिसते.

अब्बूंनी जुन्या कच्च्या वहीतून खऱ्या तारखा शोधून पुन्हा भरल्या. वही होती म्हणून निभावले. तुमच्या फाइलमधली तारीख आजच एकदा तपासा.