शिष्यवृत्ति मार्चांत, फी जुलैंत

बारावीचा निकाल लागला कीं सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील गांवांतून दोन प्रकारच्या बातम्या निघतात. अमक्याच्या मुलीस इतके टक्के मिळाले, ही पहिली बातमी सगळा गांव मोठ्यानें सांगतो. तिचें नांव कॉलेजांत घालणें जमलें नाहीं, ही दुसरी बातमी कोणी सांगत नाहीं. चारसहा महिन्यांनीं लग्नपत्रिका हातीं पडली म्हणजे ती आपोआप कळते. वळसंगासारख्या, शहराच्या इतक्या जवळच्या गांवांत हें घडावें याचें कारण विद्येविषयीं अनास्था हें नव्हे. मुलींस शिकावयाचें आहे, आईबापांस शिकवावयाचें आहे, आणि सरकारनें पैसाहि ठेवला आहे. मग अडतें कोठें, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज आम्ही करणार आहों.

सरकारनें कांहीं केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति १९४४ सालापासून चालू आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींस मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क महाराष्ट्र सरकारनें २०२४-२५ पासून माफ केलें. वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांस स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या व नोंदणीकृत मजुराच्या मुलांस पंजाबराव देशमुख यांच्या नांवानें निर्वाहभत्ता आहे. विडी कामगारांच्या मुलांस केंद्राकडून निराळें साहाय्य आहे. ही यादी वाचून एखाद्या सुखवस्तु गृहस्थास वाटेल कीं, आतां गरिबीची सबब सांगणारा आळशीच असला पाहिजे.

त्या गृहस्थानें जुलै महिन्यांत एकदां कॉलेजच्या खिडकीपाशीं उभें राहून पाहावें. समजा, बाप सोलापुरांत यंत्रमागावर आहे, आई विड्या वळते, आणि मुलीचें नांव प्रवेशाच्या यादींत लागलें आहे. जागा पक्की करावयास चारच दिवसांची मुदत. शुल्क माफ झालें तरी अनामत रक्कम, खोलीचें आगाऊ भाडें, खाणावळीचा पहिला महिना, पुस्तकें, बसचा पास यांपैकीं कांहींच माफ नाहीं. शिष्यवृत्तीचा अर्ज तर प्रवेश झाल्यावरच भरतां येतो. तो आधीं कॉलेजांत तपासला जाणार, मग समाजकल्याण किंवा तत्सम कचेरींत, आणि त्यानंतर हप्ता खात्यावर येणार. पुष्कळदां वर्ष संपत आलेलें असतें, कधीं तें उलटूनहि जातें. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाचे वेळीं शुल्क मागूं नये असें सरकारचें कॉलेजांस सांगणें आहे. परंतु “रक्कम येईपर्यंत भरून ठेवा” असें खिडकींतून शांतपणें सांगितलें गेलें म्हणजे शासननिर्णय काढून दाखविण्याचें धैर्य त्या विणकर बापाला कोठून यावें?

ज्याच्या घरीं शिल्लक आहे त्याचा झालेला खर्च शिष्यवृत्ति भरून देते. ज्याच्या घरीं शिल्लक नाहीं त्यास ती पेरणी उलटून गेल्यावर आलेल्या बियाण्यासारखी होते. मधले महिने काढावयाचे तर सावकाराकडे जावें लागतें. दरमहा शेंकडा तीन या दरानें वीस हजार रुपये नऊ महिन्यांसाठीं घेतले तर ५,४०० रुपये केवळ व्याजाचे होतात. म्हणजे सरकारनें दिलेल्या पैशाचा एक हिस्सा मुलीच्या पुस्तकांस न लागतां सावकाराच्या तिजोरींत जातो.

बँकेचें कर्ज हा दुसरा मार्ग. तो वाईट नाहीं. मात्र तो नीट समजून घेतला पाहिजे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँकेनें तारण मागावयाचें नसतें. ‘तुमचें गांव आमच्या शाखेच्या हद्दींत येत नाहीं’ ही सबबहि चालत नाहीं. रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालींच तशी ताकीद दिली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेंत जामीनदारहि नको. पण ती निवडक नामांकित संस्थांपुरतीच आहे. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षानें सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतें. दरसाल एक लाख याप्रमाणें चार वर्षे दहा टक्क्यांनीं कर्ज उचललें, तर पहिला हप्ता भरण्याच्या वेळीं सरळ व्याजानेंच १,४०,००० रुपयांची भर पडलेली असते. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांस व्यावसायिक शिक्षणासाठीं या काळांतील व्याजाचें अनुदान देणारी केंद्राची योजना २००९ पासून आहे. तिचा अर्ज कर्जाबरोबरच मागून घ्यावा. नंतर आठवण करून देण्यास कोणी येत नाहीं. आणि कर्ज मंजूर होण्यासहि आठवडे लागतात, तोंवर चार दिवसांची मुदत संपलेली असते.

वळसंगास या प्रश्नांत एक निराळा अधिकार आहे. सार्वजनिक पाणी ज्यांस बंद होतें त्यांनीं या गांवांत आपली विहीर खणली आणि १९३७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या उद्‌घाटनास आले. त्या पाहुण्याचें स्वतःचें शिक्षण कसें झालें हें पाहण्यासारखें आहे. एल्फिन्स्टन कॉलेजांत असतां सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति. १९१३ सालीं कोलंबियास जातांना तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, व त्याबद्दल बडोदें संस्थानांत दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. १९२० सालीं अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करावयास ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हां प्राध्यापकीच्या पगारांतून वांचविलेली रक्कम, शाहू महाराजांचें साहाय्य, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्जाऊ घेतलेले ५,००० रुपये, एवढ्या शिदोरीवर प्रवास झाला. शिष्यवृत्ति दरमहा मिळत असे आणि कर्ज निघण्यापूर्वीं हातीं पडलें, हें येथें ध्यानांत घ्यावें.

भथेनांनीं केलें तें काम वळसंगचे दुकानदार, अडते व नोकरदार मिळून करूं शकतील असें आम्हांस वाटतें. पन्नास जणांनीं दोन दोन हजार घातले तर एक लाख होतात. त्यांतून दहा विद्यार्थ्यांस जुलैंत दहा दहा हजार बिनव्याजी द्यावे व शिष्यवृत्ति जमा झाली कीं परत घ्यावे. तोच पैसा पुढच्या वर्षीं दुसऱ्या दहांस. परत न आले तर, अशी शंका कोणी काढील. एखादा बुडवीलहि; उधारीच्या वहींत असे दोघेचौघे कोणत्या दुकानदारास नाहींत? दानापेक्षां उसनवारीच आम्हांस अधिक पसंत आहे. पूर्वीं विद्यार्थी वार लावून जेवत, तेव्हां अन्नाबरोबर उपकाराचें ओझेंहि पदरीं पडे. हल्लीं चार वह्या देऊन फोटो काढवून घेण्याची चाल आहे, ती त्याहून वाईट. उसने घेणारा ताठ मानेनें घेतो.

या फंडाच्या लोकांनीं आणखी एक काम पत्करावें, आणि तें पैशाहून निकडीचें आहे. उत्पन्नाचा दाखला व रहिवासाचा दाखला मे महिन्यांतच तहसिलींतून काढून ठेवावा. व्यावसायिक अभ्यासक्रमास राखीव जागेवर जाणाऱ्यानें जातपडताळणीचा अर्ज अकरावी-बारावींत असतांनाच करावा. बँकखातें आधारास जोडलें आहे कीं नाहीं तें पाहावें, नाहीं तर मंजूर झालेली रक्कमहि खात्यावर उतरत नाहीं. लिहिणारा, वाचणारा, संगणक जाणणारा एक मनुष्य आठवड्यांतून दोन संध्याकाळ ग्रामपंचायतीपाशीं बसला तरी यांतलें बहुतेक काम उरकेल. कानडी बोलणाऱ्या आईबापांस त्यांच्या भाषेंत समजावून सांगणारा असला तर अधिक बरें. पुढच्या मे महिन्यांत निकाल लागेल. त्याच्या आधीं पन्नास नांवांची यादी तयार असावी, आणि तिचा आरंभ बाजारांतील कोणत्या दुकानापासून करावयाचा तें वळसंगकरांनींच ठरवावें.