द्राक्षांची परीक्षा अर्ध्या सुताच्या नळीवर

धाराशिव, प्रतिनिधी : जिल्ह्यातील बागांमधून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचे भवितव्य गोडीइतकेच प्रयोगशाळेच्या अहवालावर अवलंबून असते. २०१० मध्ये राज्यातील द्राक्ष निर्यातदारांना याचा कटू अनुभव आला. बागायतदार ज्याला 'सीसीसी' म्हणून ओळखतात, त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकून पडले.

इतके सूक्ष्म अंश शोधण्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफीचा आधार घेतला जातो. द्राक्षांचा अर्क बारीक कणांनी ठासून भरलेल्या स्तंभातून पंपाने ढकलला जातो. त्यातील घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि आलेखावर प्रत्येकाचे शिखर उमटते. मोटारीच्या टायरमध्ये दोन बारहून थोडा अधिक दाब असतो. या यंत्रात तो ४०० बारपर्यंत जातो.

यंत्राचे भाग जोडणाऱ्या नळ्या अनेकदा 'पीईईके' या कणखर प्लॅस्टिकच्या असतात. त्यांचा बाहेरील व्यास एक सोळांश इंच, म्हणजे कारागिरांच्या भाषेत अर्धा सूत. ४०० बार दाब नळीच्या संपूर्ण टोकावर आला, तर तिला सुमारे आठ किलो वजनाइतक्या जोराने मागे रेटतो. नळी जागेवर धरून ठेवण्याचे काम नट आणि त्यापुढील शंकूच्या आकाराची कडी, म्हणजे फेरूल, यांचे असते.

पोलादी फेरूल पोलादी नळीत कायमची रुतते. प्लॅस्टिकच्या नळीवर मात्र ती फार आवळल्यास आतील छिद्रच चेपते. म्हणून येथे फेरूलही प्लॅस्टिकची केली जाते. ती केवळ घर्षणाने पकड घेते. त्यामुळे शंकू लांब ठेवून पकडीचा पृष्ठभाग वाढवावा लागतो. सततच्या दाबाने आणि उष्णतेने प्लॅस्टिक हळूहळू सरकते व पकड सैल होते. याहून अधिक दाबासाठी नळीच्या टोकाशी गळती रोखणारी आणि पकडीसाठी स्वतंत्र धातूची कडी असलेली रचना वापरली जाते.

नळी केवळ एक मिलिमीटर मागे सरकली, तरी दोन मायक्रोलिटरची पोकळी तयार होते. ०.१३ मिलिमीटर छिद्राच्या सुमारे १५ सेंटिमीटर नळीत मावेल एवढी ही जागा! तेथे अर्क रेंगाळतो, शिखर पसरट होते आणि सूक्ष्म अंश आलेखात हरवू शकतो. आधीच्या नमुन्याचा अवशेष पुढील नमुन्यात मिसळून निर्दोष मालावर ठपका येण्याचाही धोका असतो.

यासाठी नळीचे टोक काटकोनात कापणे, ती तळाला टेकवूनच नट आवळणे आणि प्रत्यक्ष नमुन्यांपूर्वी ज्ञात प्रमाणाचे द्रावण व कोरा नमुना तपासणे आवश्यक ठरते. वर्षभराच्या कष्टांचा निवाडा करणाऱ्या अहवालाची विश्वासार्हता अशा लहानशा सांध्यावरही तोललेली असते.